पाच दिवसांचा शिधा

मराठीत वाटेवरच्या खाण्याला दोन वेगळे शब्द आहेत. घरून करून घेतलेलं, गाठोडं सोडलं की लगेच तोंडात घालता येईल असं, ती शिदोरी. मुक्कामावर पोचून शिजवायचं कोरडं सामान, तो शिधा. सकाळी गड चढून संध्याकाळी घरी यायचं असेल तर शिदोरी पुरते. पण राजगडावरून तोरणा, तोरण्यावरून मोहरी, मग बोराट्याच्या नाळेने कोकणात उतरून रायगड, अशी पाच दिवसांची चाल ठरली की शिध्याचा हिशेब मांडावा लागतो. ट्रेकर मंडळी अशा वाटचालीला रेंज ट्रेक म्हणतात. हे प्रकरण याच वाटेला धरून लिहिलं आहे. शिध्याबद्दल मला जे कळलं ते बरंचसं इथेच कळलं, आणि एक वाट नीट समजली की दुसरीचा हिशेब करायला वेळ लागत नाही.

ट्रेक ठरला की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘खायला काय काय घ्यायचं?’ मग याद्या सुरू होतात. कुणाला मॅगी हवी असते, कुणाला रात्री पुलाव, कुणी शिऱ्याचा रवा भाजून आणायची तयारी दाखवतो. माझं म्हणणं असं की ही यादी सगळ्यात शेवटी करावी. आधी पाण्याचा हिशेब करावा, मग आगीचा आणि मग पोटाचा. सह्याद्रीत जेवणाचा बेत पाणी ठरवतं.

हे पटण्यासाठी एक साधं गणित करू. सहा जण आहेत आणि रात्री मुगाच्या डाळीची खिचडी करायची आहे. माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम डाळ धरली, तर सहा जणांना साधारण साडेआठशे ग्रॅम धान्य लागेल. ती मऊ शिजायला साडेतीन ते चार लिटर पाणी हवं. जेवणाआधी सगळ्यांचा चहा, एक लिटर. तांदूळ-डाळ धुवायला दीड लिटर, नंतर पातेलं आणि ताटल्या घासायला आणखी दीड-दोन. म्हणजे एका रात्रीच्या साध्या खिचडीमागे आठ लिटर पाणी गेलं. टाकं मुक्कामाशेजारी असेल तर हे ध्यानातही येत नाही. राजगडावर पद्मावतीच्या देवळाशेजारी टाकं आहे, तिथे खिचडीच काय, आमटी-भातही करा. पण टाकं अर्ध्या तासाच्या उतारावर असेल, किंवा मार्च उजाडल्यामुळे तळाला गेलं असेल, तर ते आठ लिटर म्हणजे आठ किलो कुणाच्या तरी खांद्यावर येतात.

आता दुसरी बाजू बघा. चालणाऱ्या माणसाला दिवसाला कोरडा शिधा साधारण ६५० ग्रॅम लागतो. सहा जणांचे पाच दिवस धरले, पहिलं दुपारचं जेवण घरच्या डब्यातलं, एक रात्र गावातल्या घरी आणि शेवटची रात्र आपापल्या घरी असं वजा केलं, की अंदाजे १६ किलो सामान उरतं. माणशी पावणेतीन किलोच्या आत. आणि ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर पिण्यासाठी प्रत्येकाने पाठीवर घेतलेलं चार लिटर पाणी चार किलोचं असतं. पाच दिवसांच्या शिध्यापेक्षा एका दिवसाचं पाणी जड. हे एकदा डोक्यात बसलं की यादी आपोआप बदलते. बटाट्याचं पोतं कुणी सुचवत नाही.

बटाट्याचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवतो. बटाटा, टोमॅटो, काकडी, संत्री हे सगळं बहुतांशी पाणीच असतं. किलोभर बटाट्यातून मिळते तेवढी ऊर्जा सव्वाशे-दीडशे ग्रॅम सुक्या खोबऱ्यात असते. एका ग्रॅम स्निग्धांशातून नऊ किलोकॅलरी मिळतात, पिठूळ पदार्थातून आणि प्रथिनातून चार-चार. त्यामुळे खोबरं, शेंगदाणे, तीळ आणि तूप हे पाठीवर न्यायला सगळ्यात परवडणारे पदार्थ. शेंगदाणे आणि गूळ मुठीत घेऊन चालायची आपल्याकडची रीत किती पक्क्या हिशेबावर उभी आहे हे यातून कळतं. गूळ लगेच अंगी लागतो, शेंगदाणा तासन्‌तास पुरतो, आणि दोन्ही मिळून शंभर ग्रॅममध्ये साडेचारशेच्या पुढे ऊर्जा देतात. माणशी ६५० ग्रॅममध्ये साधारण २८०० किलोकॅलरी बसवता येतात. दहा-बारा किलोचं ओझं घेऊन सात-आठ तास चढ-उतार करणाऱ्याला याहून थोडं जास्तच लागेल. पण पाच दिवसांत ती तूट शरीर सहज सोसतं, तिच्यासाठी आणखी दोन किलो पाठीवर घेऊ नयेत. कांदा, लसूण, आलं आणि लिंबं मात्र ओली असूनही घ्यावीत. तिसऱ्या दिवशी जेवणावरची वासना टिकवायचं काम तीच करतात.

टिकणं हा दुसरा मोठा प्रश्न. अन्न खराब करणाऱ्या बुरशीला आणि जिवाणूंना पाणी लागतं. ते काढून घेतलं, किंवा साखर-मिठाने असं बांधून ठेवलं की त्यांना वापरता येऊ नये, तर अन्न टिकतं. चिवडा टिकतो कारण त्यात पाणी उरलेलंच नसतं. लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि वरचं तेल यांच्यामुळे. हे सगळं एकाच ठिकाणी बघायचं असेल तर गुळपोळी बघावी. तिच्या सारणात किसलेला गूळ, भाजून कुटलेले तीळ आणि तेलात खमंग भाजलेलं बेसन असतं, पाण्याचा थेंब नसतो. गूळ असलेला ओलावा धरून ठेवतो, तीळ आणि बेसनातलं तेल पिठाला कोरडं-कुसकरं ठेवतं, आणि पोळी तव्यावर कडेपर्यंत भाजली की उरलंसुरलं पाणीही उडतं. थंडीच्या दिवसांत अशी पोळी आठवडाभर सहज राहते. पुरणपोळी दिसायला तिची बहीण, पण तिच्यात शिजवलेली डाळ असते, म्हणून दुसऱ्या दिवशी तिचा वास घेऊनच खावी लागते.

मात्र गुळपोळीचं सगळं टिकाऊपण एका घाईने वाया जाऊ शकतं. एका डिसेंबरात निघायच्या रात्री उशिरापर्यंत पोळ्या चालल्या होत्या आणि शेवटच्या आठ-दहा पोळ्या मी कोमट असतानाच पिशवीत भरल्या. तोरण्यावर, मेंगाईच्या देवळात पिशवी उघडली तेव्हा आतल्या बाजूला पाण्याचे मणी जमून वाळल्याच्या खुणा होत्या आणि वरच्या पोळीवर पांढरट ठिपके आले होते. पोळी कागदावर पसरून पूर्ण गार करावी आणि मगच बांधावी. दशमीचं आणि ठेपल्याचंही तसंच. पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. पूर्वी त्या प्रवासात चालतात असं मानत, त्यामागे सोवळ्याच्या समजुतीइतकाच हा मऊपणाही असावा. ज्वारीची भाकरी मात्र दुसऱ्या दिवशी कडक होते. ती पहिल्या दुपारसाठी, ठेच्याबरोबर आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर.

पोळ्या, दशम्या, ठेपले हे सगळं दुपारचं खाणं, म्हणजे दुपारी चूल पेटवायची नाही. हा नियम मी इतक्या ठामपणे सांगतो कारण तो पाळला नाही तर दिवस हातातून जातो. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून डोंगरधारेने तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत जायला अख्खा दिवस लागतो. मध्येच स्टोव्ह काढून मॅगी केली की दीड तास जातो आणि बुधल्याचा चढ अंधारात येतो. दुपारी ठेपला, गुळपोळी, लोणचं, खजूर. चौथ्या-पाचव्या दिवशी पोळ्या संपल्यावर सातूचं पीठ. भाजलेले गहू आणि डाळं दळून केलेलं हे पीठ गूळ आणि पाण्यात कालवलं की जेवण होतं, पातेलं वाटीएवढं पुरतं आणि घासायला घोटभर पाणी लागतं. दडपे पोहेही असेच. पातळ पोहे, बारीक चिरलेला कांदा, लिंबू, किसलेलं खोबरं, वरून घरून आणलेली फोडणी. ओल्या नारळाची मजा त्यात येत नाही, पण पाण्याचा एक हबका मारून दहा मिनिटं दडपून ठेवले की पोहे मऊ होतात. टाकं आटलेलं निघालं तर याच दोन पदार्थांवर रात्र काढता येते, म्हणून ते प्रत्येक यादीत असावेत.

शिजवायचं ते रात्री, आणि सकाळी थोडं. रात्रीसाठी खिचडीला माझ्या मते तोड नाही. तांदूळ-डाळीतली प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात, पातेलं एक लागतं, आणि पोटाला त्रास होत नाही. तिच्यामागचे आठ लिटर कमी करायची सोय घरीच करता येते. तांदूळ धुऊन सावलीत कडकडीत वाळवावेत, डाळ हलकी भाजून घ्यावी, म्हणजे वर गेल्यावर धुवायचं पाणी वाचतं आणि डाळ लवकर शिजते. घरची चव हवी म्हणून तुरीच्या डाळीचा आग्रह धरू नये. कुकरशिवाय ती शिजायला वेळ घेते, मूग आणि मसूर घेत नाहीत. सकाळी पोहे किंवा भाजून नेलेल्या रव्याचा उपमा. चहाची पूड, साखर आणि दूध पावडर घरीच एकत्र करून ठेवली की अंधारात तीन डबे शोधावे लागत नाहीत.

आगीचं थोडक्यात. जंगलातली लाकडं तोडून चूल पेटवू नये. अभयारण्यात तर ते बेकायदाच आहे, आणि वणव्याची सुरुवात अशा न विझवलेल्या चुलीतून होऊ शकते. गॅसचा छोटा डबा, साधारण २३० ग्रॅमचा, निवांत हवेत १२ ते १५ लिटर पाण्याला उकळी आणतो. माचीवरच्या वाऱ्यात हा आकडा झपाट्याने खाली येतो, म्हणून स्टोव्हला आडोसा करा, पातेल्यावर झाकण ठेवा, आणि खिचडीला खदखदून उकळी आल्यावर दहा मिनिटांनी पातेलं उतरवून घोंगडीत किंवा जाड जाकिटात गुंडाळून ठेवा. अर्ध्या तासात ती आपल्याच उष्णतेवर मऊ होते आणि निम्मा गॅस वाचतो. हिमालयात जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. उंची वाढेल तसं पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश सेल्सिअसने. तोरण्यावर, १४०० मीटरवर, ते ९५ अंशांच्या आसपास उकळतं आणि फरक फारसा जाणवत नाही. साडेतीन हजार मीटरवर ८८ अंशांना उकळतं आणि डाळ कच्ची राहते. दुसरं, नुसत्या ब्यूटेनचा डबा शून्य अंशाजवळ वायू सोडेनासा होतो. तिथे प्रोपेनचं मिश्रण असलेला डबा लागतो. आणि गॅसचा डबा विमानात किंवा रेल्वेत नेता येत नाही, तो पोचल्या गावी घ्यावा.

आता बांधाबांध. एका वेळी आम्ही सामान जिनसांप्रमाणे वाटलं होतं. एकाकडे सगळा तांदूळ, दुसऱ्याकडे सगळी डाळ, तिसऱ्याकडे पोहे, चौथ्याकडे तिखट-मीठ. वजन अगदी समसमान झालं. तोरण्यावर डाळवाल्याचा पाय मुरगळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सोबत देऊन वेल्ह्याला उतरवलं. तो गेल्यावर तासाभराने ध्यानात आलं की सगळी डाळ त्याच्या सॅकमध्ये खाली गेली आहे. पुढचा प्रवास नुसत्या भातावर आणि लोणच्यावर झाला. तेव्हापासून मी सामान जेवणांप्रमाणे बांधतो. ‘दुसरा दिवस, रात्र’ असं मार्करने लिहिलेली एक पिशवी. तिच्यात त्या रात्रीचे तांदूळ, डाळ, पुडीत बांधलेलं मीठ-हळद-तिखट, चार लसणीच्या कुड्या, सहा पापड. एक पिशवी म्हणजे एक पूर्ण जेवण, आणि ती एका माणसाकडे. कुणी मागे राहिला, परत गेला, वाट चुकला, तरी बाकीच्यांचं एकच जेवण जातं, आणि चुकलेल्या माणसाजवळही जेवण असतं. रोज एक पिशवी संपते, तसं कुणाचं ओझं आधी हलकं करायचं हेही ठरवता येतं. दमणाऱ्याला पहिल्या दिवसाची पिशवी द्यावी.

पिशव्यांसाठी नवं प्लास्टिक विकत आणू नका. दुधाच्या जाड पिशव्या कोपऱ्यात छोटी चीर देऊन रिकाम्या केल्या, गरम पाण्याने धुऊन उलट्या वाळवल्या, की धान्याला उत्तम होतात आणि रबर लावून पुन्हा पुन्हा वापरता येतात. तेल मात्र पिशवीत किंवा पाण्याच्या जुन्या बाटलीत कधीही नेऊ नये. चढावर सॅक दाबली जाते, झाकण किंचित सैल होतं आणि अर्धा कप तेल स्लीपिंग बॅगमध्ये उतरतं. तो वास दोन पावसाळे जात नाही. औषधाच्या घट्ट फिरकीच्या बाटलीत तेल भरा, वरून फडकं गुंडाळा, आणि बाटली सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात उभी ठेवा. त्याहून बरं म्हणजे फोडणी घरीच जाड करून, तेलासकट छोट्या डबीत न्यावी. सॅकमध्ये शिधा पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर. जड सामान पाठीपासून लांब गेलं की ते माणसाला मागे ओढतं. दुपारचं खाणं आणि गूळ-शेंगदाणे वरच्या कप्प्यात, सॅक न उतरवता सोबत्याच्या हाताला लागतील असे. रात्री देवळात झोपताना पिशव्या दोरीने तुळईला किंवा खुंटीला टांगाव्यात. गडावरच्या देवळांत उंदीर असतात, आणि सकाळी माकडं.

पाण्याबरोबर मीठही घामातून जातं, आणि दुपारी पायात गोळे येतात त्यामागे पाणी आणि मीठ दोन्ही कमी पडणं हेही एक कारण असू शकतं. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ करावं. मिठाचा हात सैल सोडू नये. लिंबू पिळलं की प्यायला बरं वाटतं.

सगळंच पाठीवर न्यायला हवं असंही नाही. अमेरिकेत ॲपलेशियन ट्रेल नावाची साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. ती पूर्ण चालणारे लोक वाटेतल्या गावांच्या पोस्टात स्वतःच्याच नावाने शिध्याची खोकी आधी पाठवून ठेवतात आणि आठवड्याच्या अंतराने सोडवून घेतात. आपल्याकडे याहून जुनी सोय आहे. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याला वाटेत सदावर्त मिळतं: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ. पाठीवर शिध्याचं ओझं नसतं, तरी माणूस महिनोन्‌महिने चालतो, कारण त्याचा शिधा किनाऱ्यावरच्या गावांनी सांभाळलेला असतो. गडकिल्ल्यांच्या वाटेवर सदावर्त नाही, पण गावं आहेत. मोहरीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावात आधी निरोप पाठवला तर भाकरी, पिठलं आणि भात मिळतो. मात्र सहा माणसांचं पीठ आणि पाणी त्या घरातून जातं. उन्हाळ्यात तिथल्या बायका पाण्यासाठी लांब जातात. म्हणून आयत्या वेळी जाऊन ‘मावशी, सहा जणांचं जेवण होईल का?’ असं विचारू नये. आदल्या दिवशी कळवावं, शक्य तर तांदूळ-डाळीची आपली पिशवी त्यांच्या हाती द्यावी, आणि जेवणाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. वाटेवरच्या घराने मला कधी उपाशी पाठवलेलं नाही, पण तो आपला हक्क आहे असं मानू नये.

रिकाम्या पिशव्या, पापडाचे कागद, लिंबाच्या साली, सगळं परत आणावं. सालीही, कारण टाक्याच्या काठावर फेकलेली साल वर्षभर तिथेच दिसते. आणि टाक्यात हात-पाय, भांडी धुऊ नयेत. पातेल्यात पाणी काढून दूर जाऊन धुवावं. पुढच्या माणसाचं पिण्याचं पाणी तेच असतं.

शेवटी एक पिशवी अशी बांधा जी कोणत्याही जेवणाच्या नावाची नाही. तिच्यात सहा जणांना एक दिवस पुरेल एवढं सातूचं पीठ, गूळ, खोबऱ्याच्या वाट्या आणि खजूर ठेवा. शिजवावं लागणार नाही असंच घ्या. वाट चुकली, पाऊस लागला, कुणी आजारी पडला, तरच ती उघडायची. ती पिशवी रायगडावरून न उघडता घरी आली, की शिधा नीट बांधला होता असं समजा.